मागचा दिवा

"हात लावायच्या आधीच सांगतो," मिस्त्री म्हणाले, "गाडीवाला खोटं बोलतोय."

"काका, आधी बघा तरी," तपास अधिकारी हसला.

पोलीस ठाण्यामागच्या शेडमध्ये सायकल आडवी पडली होती. मागचं चाक दुमडलेलं, आणि गटारातल्या चिखलाने सगळी अशी माखलेली की मूळ रंग कुठला तेही कळेना. तिन्हीसांजेला मोटारीने मागून धडक दिली होती. सायकलवरचे मास्तर तीन दिवसांपासून दवाखान्यात बेशुद्ध होते. गाडीवाला एकच पालुपद धरून बसला होता, 'मागे दिवाच नव्हता साहेब, मला काही दिसलंच नाही.'

सगळा खटला त्या दिव्यावर होता. दिवा लागलेला असेल तर गाडीवाल्याचा परवाना जाणार, वर तुरुंग. नसेल तर दोष मास्तरांच्या माथी. अपघातातल्या सायकली तपासायला पोलीस गेली कित्येक वर्षं मिस्त्रींनाच बोलावत. ते सांगतील ते कोर्टसुद्धा मान्य करी.

शेडच्या दाराशी मास्तरांची बहीण उभी होती. परगावाहून आलेली, डोळे सुजलेले.

"दादा दिव्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही हो," ती म्हणाली. "आठ दिवसांपूर्वीच दुरुस्त करून आणला होता. फोनवर म्हणाला, आता ठणठणीत आहे."

"मग झालंच की," मिस्त्री म्हणाले. "असले गाडीवाले मी पुष्कळ बघितलेत."

त्यांनी पिशवीतून हत्यारं काढून फडक्यावर मांडली. घाई नव्हतीच. खरं सांगायचं तर पोलिसांचं बोलावणं आलं की त्यांना बरं वाटे. कुणीतरी चहा विचारे, कुणीतरी काका म्हणे. एरवी दुकान आणि दुकानामागची खोली. गिऱ्हाईक सायकल टेकवून जाई, संध्याकाळी घेऊन जाई, चेहरासुद्धा लक्षात राहत नसे.

"काकू बऱ्या आहेत ना?" अधिकाऱ्याने चहाचा कप पुढे केला.

"गेली ती. वर्ष होईल आता."

"अरेरे! मला माहीतच नव्हतं."

"तुम्हाला कुठून माहीत असणार!" मिस्त्रींनी एका घोटात चहा संपवला. "दिव्यांची तपासणी तिच्याकडे होती. मी पुढे बसून पायडल फिरवायचो, ती मागे स्टुलावर. दिवा लागला की ओरडायची, 'लागला!' मग शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन सीटच्या स्प्रिंगला गाठ मारायची. दुहेरी. म्हणजे ही सायकल पास. त्या गाठीशिवाय एकही सायकल दुकानाबाहेर गेली नाही."

"आणि आता?"

"आता गाठ मीच मारतो. रीळ पुरवून पुरवून वापरतोय. ते संपलं की घरात तिचं काय उरणार?"

मिस्त्री सायकलीपाशी उकिडवे बसले.

आधी ब्रेक बघितले. नंतर डायनॅमो. तिथून मागच्या दिव्यापर्यंत गेलेल्या वायरवरून बोट फिरवत ते शेवटाला आले आणि थबकले. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" बहिणीने विचारलं.

"गाडीवाला खरं बोलतोय."

"असं कसं? दादाने तर..."

"ही वायर धडकेने तुटलेली नाही ताई. तुटली असती तर तारा ओरबाडल्यासारख्या दिसल्या असत्या. हे टोक बघा. सोलून, छान पीळ देऊन ठेवलंय. पण स्क्रूखाली दाबलंच नाही. दाबलं असतं तर तांब्यावर वळ उठला असता. दिवा लागलाच नाही, एकदाही."

"म्हणजे दादाचीच चूक?"

"त्यांची कशी? चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही. पुढचा लागला की त्याला वाटतं, मागचाही लागला असेल." मिस्त्रींचा आवाज चढला. "चूक त्या दुरुस्ती करणाऱ्याची! अर्ध्यात काम सोडून उठला असेल गप्पा मारायला. नुसता पुढचा दिवा बघून सायकल दिली सोडून! अरे, माणसाचा जीव आहे की काय आहे! असल्या माणसाच्या हातात पाना देऊ नये, साहेब. गाडीवाल्याला सोडा आणि याला धरा."

"धरतोच," अधिकारी म्हणाला. "निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल. पण सापडायचा कसा? मास्तर तर शुद्धीवर नाहीत."

"काम बघून माणूस ओळखतो मी. मी शोधून देतो."

बहिणीने पदर डोळ्यांना लावला. "मला त्याला एकदा बघायचंय काका. मारायचं नाही, बोलायचंही नाही. फक्त बघायचंय."

मिस्त्रींना गलबलून आलं. वर्षभरात त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

"बघाल ताई," ते म्हणाले. "माझा शब्द आहे."

"तेवढा सायकलचा नंबर सांगा, पंचनाम्यात लिहायचाय," अधिकाऱ्याने वही उघडली. "सीटखाली असतो ना?"

"हो, दांडीवर. थांबा, चिखल पुसतो."

त्यांनी फडकं ओलं केलं, सीट उलटी केली आणि घासायला सुरुवात केली. वाळलेल्या चिखलाचे पोपडे पडू लागले. बहीण जवळ येऊन वाकून बघत उभी राहिली. आधी गंजकी स्प्रिंग दिसली, आणि मग तिच्यावरची लाल दोऱ्याची दुहेरी गाठ.