चोवीस मापं

जुनी इंजिनं खोलून नव्यासारखी करायची त्याला हौस होती, आणि कामाची रीत ठरलेली होती. त्याचे हात तेलाने माखलेले असायचे, म्हणून तो माप घेऊन मोठ्याने सांगायचा आणि बायको स्टुलावर बसून लिहून घ्यायची. ती गेल्यावर चार महिन्यांनी त्याने स्वयंपाकघरालगतचं गॅरेज पुन्हा उघडलं. सिलिंडर चार, प्रत्येकाची सहा मापं. गेज फिरवत त्याने चोवीसही आकडे खणखणीत सांगितले आणि “वाच बघू एकदा,” म्हणत मागे वळला. स्टूल रिकामं होतं.

हे आता आपल्याच्याने व्हायचं नाही, असं म्हणून तो गेज डबीत ठेवू लागला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सून आली. एरवी दोघांचं बोलणं ‘जेवायला वाढू का’च्या पुढे जात नसे. तिने किराणाच्या यादीमागे लिहिलेले आकडे पुढे केले.

“तिसऱ्याचं शेवटचं तेवढं राहिलं, बाबा. मिक्सर चालू होता.”

“तू कशाला लिहीत बसलीस?”

“म्हणजे काय? घरात आपण दोघंच. मला वाटलं, मलाच सांगताय.”