कोरड्या कुंड्या

नीरजाने पहिल्याच कुंडीत बोट खुपसलं आणि खूश होऊन म्हणाली, "परफेक्ट. काकांना मानलं पाहिजे."

शुभदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा बेसमेंटमध्ये उतरत नसत. त्यात या मागच्या खोलीतलं हीटिंग मुद्दाम बंद ठेवलेलं, आणि खिडकीबाहेर स्कारबरोचा फेब्रुवारी. पण ही मुलगी नॉर्थ यॉर्कहून एवढ्या स्नोमध्ये ड्राइव्ह करून निवडुंगाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू न्यायला आली होती. नवरा वर पूजेला बसलेला. तिला एकटीला खाली कसं पाठवायचं?

फळीवर चौदा-पंधरा कुंड्या होत्या. मधोमध सूर्यकांतरावांचा लाडका, कलिंगडाएवढा गोल निवडुंग, बी पेरून एकवीस वर्षं वाढवलेला. मुलांचे डायपर त्यांनी कधी बदलले नाहीत, पण या काटेरी मंडळींची सगळी उस्तवार स्वतःच्या हाताने. उन्हाळाभर बॅकयार्डमध्ये ठेवायचं आणि ऑक्टोबरचा गार पाऊस लागायच्या आत उचलून इथे आणायचं.

"काकांची तब्येत कशी आहे आता?" नीरजाने विचारलं.

"आहे आपली," शुभदाबाई म्हणाल्या.

जानेवारीत सूर्यकांतराव पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होते. हृदय थकलं होतं. प्यायलेलं पाणी अंगाबाहेर पडत नव्हतं, फुफ्फुसांत साचत होतं. दिवसाला दीड लिटर, चहा-आमटी धरून, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढच्या वेळी इथवर वेळेत पोचालच असं नाही, हेही सांगितलं होतं. तेव्हापासून शुभदाबाई डोळ्यांत तेल घालून होत्या. वॉशरूममध्ये नळ जरा जास्त वाजला तरी बाहेरून हाक मारत. तरीही या आठवड्यात वजन तीन किलोंनी वाढलं. त्यांनी खापर लोणच्यावर फोडलं, अख्खी बरणी गार्बेजमध्ये टाकली आणि नवऱ्याला चार शब्द सुनावले. सूर्यकांतरावांनी ते मान खाली घालून ऐकून घेतले.

"माझे तर सगळे रॉट झाले," नीरजा सांगत होती. "मी पाणी देत होते ना. वरून छान हिरवे दिसायचे, हात लावला तर आत नुसता चिखल. ही झाडं थंडीने मरत नाहीत, काकू. थंडीत पाणी प्यायली की मरतात. ऑक्टोबर ते मार्च, नॉट अ सिंगल ड्रॉप."

"अगं, पण हे देतात की. रोज."

"काय देतात?"

"पाणी. देवांना आंघोळ घातलेलं. ते सिंकमध्ये ओतायचं नसतं ना. उन्हाळ्यात तुळशीला घालतो. आता बाहेर बर्फ, म्हणून हे तांब्या घेऊन खाली येतात."

नीरजा हसायला लागली. "रोज तांब्याभर? मग यातलं एकही उरलं नसतं. तुम्हीच बघा हात लावून."

शुभदाबाईंनी एका कुंडीत बोट घातलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. माती भाजलेल्या रव्यासारखी मोकळी होती. बोटाला काही चिकटलंसुद्धा नाही.

त्यांचं बोट तिसऱ्या कुंडीतच राहिलं. तीर्थ पळीभर घेतात. तांब्याभर कुणी घेत नाही. आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून एकही पूजा चुकली नव्हती. बरं वाटतंय म्हणून देवाची आठवण होतेय, असं त्यांनी लेकीला फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं.

"काकू, काय झालं?"

जिन्यावर पाऊल वाजलं. मग काहीच नाही. मग दुसरं पाऊल. प्रत्येक पायरीला सूर्यकांतराव थांबत होते, आणि त्यांचा श्वास खोलीत आधी येऊन पोचला. पूजेचं धोतर, वर स्वेटर, पायांत जाड मोजे, हातात काठोकाठ भरलेला तांब्या. दारात आल्यावर त्यांना नीरजा दिसली, आणि मग बायकोचं कुंडीतलं बोट.

"अरे वा, आलीस का," ते नीरजाला म्हणाले.

मग सरळ पुढे झाले आणि मधल्या मोठ्या कुंडीवर तांब्या वाकडा केला.

"काका, काय करताय? मरेल तो."

"रोजचंच आहे," सूर्यकांतराव म्हणाले.

चार महिन्यांची कोरडी माती. पाणी जरा वेळ वरच थांबलं आणि मग बुडबुडे काढत आत गेलं. ते जाताना सूर्यकांतराव एकटक बघत होते. त्यांनी आवंढा गिळला. आणखी ओतलं, तेही मातीने ओढून घेतलं. तांब्या अर्धा झाला आणि त्यांचा हात थांबला. उरलेलं त्यांच्याने ओतवेना.

नीरजा एकदा त्यांच्याकडे आणि एकदा शुभदाबाईंकडे बघत राहिली. रोजचं ते पाणी कुठे जात होतं, हे तिच्या आता लक्षात येत होतं.

"अहो," शुभदाबाई म्हणाल्या. त्यांना रागवायचं होतं, पण आवाजात नुसती भीती आली. त्यांनी हात पुढे केला. "द्या तो इकडे."

सूर्यकांतरावांनी तांब्या दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि ते एक पाऊल मागे सरकले.