निळी कसर

नवरा गेल्यापासून बुरुलशा नारीन गावातल्या आपल्या घरात एकटीच राहायची. एका सकाळी तिला भिंतीवर तांदळाएवढी निळी नळी सरकताना दिसली.

चहाला आलेली शेजारीण झूरा हसली. "अगं, कसर ती! आतली अळी जी लोकर खाते, तिचाच अंगरखा विणून घेते. गालिचे उन्हात टाक."

"माझे गालिचे तर लाल आहेत. निळी लोकर घरात आहेच कुठे?"

"असेल एखादा जुना स्वेटर."

निळा स्वेटर बुरुलशानं एकच विणला होता. तो घालूनच तिचा नवरा तेमिरबेक गेल्या हिवाळ्यात मेंढ्या शोधायला खिंडीत गेला आणि कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला. प्रेत मिळालंच नाही.

झूरा गेल्यावर तिनं सगळं घर उपसलं. निळा धागा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नळी लांबली होती. नव्या टोकाला लोकर नव्हती. आखूड, पांढरे, दाढीचे असावेत तसे केस गुंफलेले होते.

तिनं उचललेली केरसुणी खाली ठेवली.

"अहो," ती भिंतीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "फार थंडी आहे का हो तिथं?"

अळीनं डोकं बाहेर काढलं आणि तिच्याकडे वळवलं.