अडकलेला सांगावा

शेवटची कात टाकून नववा दिवस उजाडला तरी रेशमाच्या अळ्या पाला खातच होत्या. एव्हाना त्यांनी खाणं सोडायला हवं होतं, अंगानं पिवळसर व्हायला हवं होतं, मान उचलून धागा सोडायला जागा शोधायला हवी होती. कोष विणण्यासाठी लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या जाळ्या चिमणाबाईनं दोन दिवस आधीच धुऊन वाळवल्या होत्या. त्या भिंतीला टेकून तशाच उभ्या होत्या. चाळीस हजार अळ्यांतली एकही पिकली नव्हती.

बिद्री गावाच्या भोवताली सगळा ऊस. नवरा गेल्यावर चिमणाबाईनं आपल्या वाट्याचा एकरभर ऊस मोडला आणि रेशमासाठी तुती लावली. तेव्हा धाकटा दीर दादासो भावकीसमोर म्हणाला होता की किडं पाळून कुणाचं भलं झालंय. ते तिच्या जिव्हारी लागलं. बांधाला बांध असून दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. आता ह्या अळ्या गेल्या, तर त्याचंच खरं ठरणार होतं.

गावात तुती करणारा दुसरा माणूस म्हणजे आण्णा. त्यानं बघितलं आणि रोग आहे म्हणाला. सगळ्या अळ्या चुना टाकून पुरा, नाहीतर पुढच्या खेपेलाही हेच होईल. चिमणाबाईनं खड्डा काढायला माणूस सांगितला. पण मन घेईना. तिनं एक फोन केला.

फोन प्रियदर्शनीला होता. कबनूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाची ही मुलगी कोल्हापुरात विद्यापीठात रेशमाच्या अळीच्या मज्जातंतूंवर संशोधन करत होती. दर खेपेला ती चिमणाबाईकडून डबाभर अळ्या न्यायची. दुपारच्या एसटीनं ती आली. एका अळीच्या पायाला तिनं सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला, उन्हाकडे धरला. थेंब स्वच्छ होता. मग आणखी दहा अळ्यांचे थेंब सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितले.

"मावशी, रोग नाही. खड्डा नको."

चिमणाबाई उंबऱ्यावरच बसली. सकाळपासून तिनं पाण्याचा घोट घेतला नव्हता, तो आता घेतला.

प्रियदर्शनीनं तिला समजावून सांगितलं. अळीच्या अंगात एक द्रव्य असतं, ते तिला लहान ठेवतं. ते ओसरलं की दुसरं सुटतं. पेशीत कुलपासारखी जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. हे दुसरं द्रव्य तिथं किल्लीसारखं बसलं की अंगभर सांगावा जातो. अळी खाणं सोडते, कोष विणते. मग आत सरपटण्याच्या नसा मोडतात आणि पतंगाला लागणाऱ्या नव्या जोडल्या जातात. ह्या अळ्यांचं लहानपणच ओसरलं नव्हतं. सांगावा कुठंतरी अडकला होता. शेजारी कुणी काही फवारलं का, असं तिनं विचारलं.

बांधापलीकडं दादासोची वांगी होती. बांधाच्या कडेला औषधाची रिकामी बाटली पडली होती. प्रियदर्शनीनं तिच्यावरचं नाव वाचलं आणि सांगितलं की हे पांढऱ्या माशीवरचं औषध आहे. किड्याला ते मारत नाही, फक्त मोठं होऊ देत नाही. लहान ठेवणाऱ्या द्रव्याचंच काम ते करतं.

चिमणाबाईचं डोकं फिरलं. अळ्या मारल्या असत्या तर बोभाटा झाला असता, म्हणून भावजींनी ही युक्ती काढली, असं तिला वाटलं. ती बाटली घेऊन निघालीच होती, पण प्रियदर्शनीनं हात धरला. भांडण उद्याही करता येईल, अळ्यांना आजच बघायला हवं, असं ती म्हणाली. दोघींनी बांधापासून लांबच्या ओळींतला पाला तोडला. प्रियदर्शनीनं त्यावर प्रयोगशाळेतून आणलेला एका वनस्पतीचा अर्क शिंपडला. दुसऱ्या द्रव्यासारखीच किल्ली त्यात होती. वाऱ्यानं औषध तुतीवर थोडंच उडालं असेल तर निभावेल, एवढंच ती म्हणाली आणि रात्री तिथंच राहिली.

दहावा दिवस तसाच गेला. अकराव्या दिवशी सकाळी चिमणाबाईनं दार उघडलं, तर कोपऱ्यातल्या अळ्यांनी माना वर केल्या होत्या. दुपारपर्यंत सगळ्या जाळ्या भरल्या. तीन दिवसांनी तिनं एक कोष हातात घेतला, तो नेहमीपेक्षा जड लागला. दोन दिवस जादा खाल्लं ना, प्रियदर्शनी फोनवर हसत म्हणाली. चिमणाबाईही हसली.

तेवढ्यानंच तिला बांध ओलांडायचं बळ आलं. दादासो वांगी तोडत होता. तिनं बाटली त्याच्यासमोर धरली.

"भावजी, हे तुमी मारलंसा?"

"व्हय."

"माझ्या अळ्या ह्यानं पिकनाशा झाल्या हुत्या. आता झालंय सगळं बरं. पर का मारलंसा, तेवढं सांगा."

दादासोच्या हातातली पाटी खाली गेली.

"गावातल्या दुकानदारानं जहाल औषध दिलं हुतं, ते मी परत केलं, वयनी. कागलपतोर जाऊन हे आणलं. तिथल्या दुकानदाराला तीनदा इचारलं, आमच्या वयनीच्या अळ्या ह्यानं मरायच्या न्हाईत न्हवं?"