कुसुमम्मांची चिमूट

"पोट भरलं, आता थांब," असं केळ्यावरच्या चिलटाला मेंदूतली कोणती पेशी सांगते, ते आमच्या मॅडम शोधत होत्या. त्या चिलटांसाठी मक्याच्या पिठाची, गूळ घातलेली लापशी मी शिजवायचे. आमच्या नल्लकुंटा मोहल्ल्यात शंभर लग्नांचा स्वयंपाक केलेली बाई मी; कृतीचा कागद बघून कशाला शिजवू? एकदा मॅडम डोकावल्या आणि तेलुगूतच ओरडल्या, "उप्पा?" "मीठच," मी म्हटलं. "गोडात चिमूटभर लागतंच." मिठानं चिलटांची भूक बदलते, त्या म्हणाल्या. मीठ रोज कमीजास्त पडलं असेल, तर तीन वर्षांचं काम मातीत. मग प्रयोगशाळेतला नाजूक काटा पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "कुसुमम्मा, टाका चिमूट." वीसदा टाकली. वीसही वेळा आकडा तोच. मॅडमनी माझी बोटं डोळ्यांना लावली. पुढे पेशी सापडली; छापलेल्या शोधनिबंधात लापशीचीही कृती आहे, मिठाच्या वजनासकट. जपानातली चिलटंसुद्धा हल्ली माझ्याच चिमटीचं मीठ खातात.