झाडीच्या अलीकडे

"कुणाची गं तू?" पिवळा टी-शर्ट घातलेल्या बाईंनी टाव्हियाला आधी मिठी मारली आणि मग विचारलं.

"व्हर्नेलची. ती माझी आई."

"व्हर्नेलची! केवढी झालीस. मी ओडेसा मावशी. खाऊन घे आधी."

टाव्हिया गोंधळली. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या या जंगलाच्या पार्किंगपर्यंत ती दोनदा येऊन परत गेली होती. एकटीने आत जायची छाती झाली नव्हती. म्हणून तिने आपल्यासारख्याच काळ्या लोकांच्या एका भटकंती गटात नाव नोंदवलं. निरोप सोपा होता. दहा वाजता, टेबलांपाशी, आपली माणसं दिसतील. दिसली. चांगली तीस-पस्तीस. फक्त निघायची कुणालाच घाई नव्हती.

साडेअकराला तिच्या हातात भाजलेल्या बरगड्यांची ताटली होती. बटाट्याचं सॅलड कुणी केलंय हे कळेपर्यंत त्याला कुणी शिवत नव्हतं. जंगलातल्या विषबाधेबद्दलचं हे प्रशिक्षण असावं, असं टाव्हियाला वाटलं. एका काकांनी तिला पत्त्यांत हरवलं. "आईवर गेलीस," ते म्हणाले. आईने जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. एका आजोबांनी आईच्या गुडघ्याची चौकशी केली. गुडघा ठीक होता.

दोन वाजता तिला फोटोसाठी पुढच्या रांगेत बसवलं, तेव्हा तिने विचारलंच.

"मावशी, चालायला कधी निघायचं?"

"कुठे?"

"जंगलात. हा भटकंतीचाच गट ना?"

कुणीतरी गाणी बंद केली.

"आमचं आडनाव पेटवे. हे आमचं घरचं संमेलन." मावशी मागे वळली. "आपल्यात व्हर्नेल कोण आहे रे?"

कुणीच नव्हतं. पण नातेवाईक ओळखता आला नाही असं कबूल करणं पेटवे घराण्यात उद्धटपणात मोडतं. गुडघावाले आजोबा ताटलीत बघू लागले.

टाव्हियाने पिशवी उचलली. तिचा गट केव्हाच पुढे गेला असणार.

"आता कुठे निघालीस?"

"घरी. एकटीने आत जायला भीती वाटते."

मावशीने झाडीकडे पाहिलं. सपाता काढून बूट चढवले. "उठा रे सगळे."

"तुम्हाला वाट माहीत आहे?"

मावशीच्या मागे पस्तीस जण नाड्या बांधत होते.

"कुठली वाट, बाळ? एकतीस वर्षं आम्ही या टेबलांपाशीच बसतोय. एकट्याने आत कसं जायचं?"