लांबचा वळसा

सोलापूरच्या कॉलेजात परीक्षकांपुढं तंगुसाच्या दोऱ्याला टांगलेला डबा हा सईचा उपग्रह होता, समोरचा बल्ब सूर्य. डब्यानं आपणहून जरासंच वळून सूर्याकडं तोंड करायचं होतं. पण तो सूर्याकडं पाठ फिरवून निघाला, जवळजवळ अख्खी गिरकी घेऊन मगच सूर्यासमोर थांबला. “हे काय?” परीक्षकांनी विचारलं. “सर, वायरिंग युवराजनं केलंय,” सई बोलून गेली. जोडीदार युवराज ओशाळून डबा उघडू लागला. “माझंच चुकलं असंल, सर.” सईचे कान तापले. वायर उलटी असती तर डबा सूर्यासमोर थांबलाच नसता. डबा शेवटी स्थिर होतो, हे तिनं गणितानं सिद्ध केलं होतं. कुठल्या बाजूनं वळणं जवळचं, हे प्रोग्राममध्ये बघायचं तिच्याकडूनच राहिलं होतं. युवराज शेजारीच होता; खरं सांगायला नुसती मान वळवायची होती. सई त्याच्याकडं पाठ फिरवून, अख्ख्या टेबलाला वळसा घालून दाराकडं गेली.